दिवाळीनंतर पाड्यावर म्हातारी माणसं आणि योजना एवढंच उरतं

मा. जिल्हाधिकारी पालघर, मा. जिल्हाधिकारी ठाणे, दोन्ही जिल्हा परिषदांच्या महिला व बालकल्याण विभागातले साहेब आणि मॅडम, दोन्हीकडचे पुरवठा अधिकारी,

सगळ्यांना जोहार.

दोन जिल्ह्यांना मिळून एकच पत्र मुद्दाम लिहितोय. वेगवेगळी दोन लिहिली तर पालघरवाले म्हणणार ती माणसं आत्ता ठाण्यात आहेत, आणि ठाणेवाले म्हणणार ती माणसं मुळात पालघरची आहेत, आणि गंमत म्हणजे दोघांचंही खरं असतं, सगळा घोळ तिथंच आहे. १ ऑगस्ट २०१४ ला जिल्हा वेगळा झाला, चांगलंच झालं, कामासाठी ठाण्याला मरायला जावं लागत नाही. पण जव्हार, मोखाडा, विक्रमगडची माणसं दिवाळी झाली की भिवंडी, कल्याण, वसई, वाडा, पनवेलकडं वीटभट्टीवर जायची ती अजून जातातच, त्यांना हद्द कुठं बदलली ते कुणी सांगितलं नाही. फक्त त्यांच्या पोराबाळांच्या जेवणाचं रजिस्टर तेवढं हद्दीच्या अलीकडं राहिलं.

मी जव्हार तालुक्यातला, वारली. पडघ्याजवळ एका गोडाऊनला रात्रपाळीत गाड्यांची एंट्री मारतो, सुट्टी मिळाली की वाड्यावरनं एसटीनं घरी. त्यामुळं मला दोन्ही टोकं दिसतात, पाडाही दिसतो आणि भट्टीही. गोडाऊनच्या मागं रस्ता ओलांडला की भट्ट्याच भट्ट्या, तिथं संध्याकाळी चक्कर मारली की निम्मे चेहरे ओळखीचे निघतात, कुणी मामाच्या गावचं, कुणी शाळेत बरोबर होतं. मी कुठल्या संस्थेचा नाही, पक्षाचा तर नाहीच नाही. आणि पत्रात एकच गोष्ट मागणार आहे, बाकी सगळं त्या एका गोष्टीच्या आजूबाजूचं आहे: गरोदर बाई आणि लहान पोर जिथं असेल तिथं त्याचं खाणं त्याला मिळू दे. गावात असेल तर गावात, भट्टीवर असेल तर भट्टीवर. आज आपण खाणं घरपत्त्याला बांधून ठेवलंय आणि ज्याला भूक लागते तो मात्र वर्षातले पाच-सहा महिने त्या पत्त्यावर नसतो.

आता ही माणसं जातातच का, तर लोकं सरळ म्हणतात "यांना सवयच आहे". साहेब सवय नाही, हिशोब आहे. आमच्याकडं जमीन कशी, खाली थोडं भाताचं खाचर आणि वर उतारावर वरकस म्हणजे हलकी माळजमीन, त्यावर नागली (म्हणजे नाचणी), वरई, उडीद, खुरासणी. पावसाळा संपला की दुसरं पीक नाही कारण पाणी नाही. (मोखाड्यात मध्य वैतरणा धरण आहे, मुंबईला पाणी देतं, आणि त्याच तालुक्यात उन्हाळ्यात टँकरची वाट बघत बाया हंडे लावून बसतात. यावर बोलायला लागलो तर पत्र दुसरीकडंच जाईल म्हणून राहू दे.) तर एवढ्याशा जमिनीतलं धान्य पुरून पुरून किती पुरणार, जुलैत आवणी म्हणजे भातलावणी चालू असते तोवर कणगी तळाला गेलेली असते. ऑगस्ट-सप्टेंबर म्हणजे गणपतीच्या आसपासचे दिवस सगळ्यात वाईट. शेतात भात उभा हिरवागार, बघायला येणारे फोटो काढतात, आणि घरात खायला नाही. मजुरी पण नाही कारण लावणी संपलेली, कापणी लांब.

आणि बरोब्बर तेव्हाच मुकादम येतो. बयाणा म्हणजे आगाऊ उचल देतो. पाच हजार, दहा हजार, गरज बघून. त्यातून घरात तांदूळ येतो, तेल येतं, पोराला ताप असेल तर डॉक्टर होतो, सण होतो. आणि दिवाळीनंतर नवरा-बायको दोघांनी पोरांसकट भट्टीवर जायचं हे त्याच दिवशी ठरून जातं. म्हणजे दिवाळीनंतरचं स्थलांतर भादव्यातल्या भुकेतच ठरलेलं असतं. हे मला वाटतं वरच्या लोकांच्या ध्यानात येत नाही, ते नोव्हेंबरात "स्थलांतर रोखा" म्हणून मीटिंग घेतात, तोवर पैसे घेऊन खर्च करून झालेले असतात हो, आता रोखून करणार काय? १९७६ पासून वेठबिगारीविरुद्ध कायदा आहे, उचल देऊन माणूस बांधून ठेवणं चुकीचं आहे हे सगळ्यांना माहीत आहे. पण भुकेल्या घरात पैसे घेऊन कोण आलं, कायदा आला का मुकादम आला, ते बघा.

यातली एक गोष्ट मला दरवर्षी खटकते. सप्टेंबर हा पोषण माह. २०१८ पासून दर सप्टेंबरला साजरा करतात. रांगोळ्या, घोषणा, प्रभात फेरी, पालेभाज्यांची तिरंगी सजावट, पाककृती स्पर्धा. ज्या महिन्यात घरात दाणा नसतो त्याच महिन्यात पाककृती स्पर्धा! अंगणवाडी सेविका ताईंचा यात काही दोष नाही, वरून फोटो मागतात त्या देतात, नाही दिले तर नोटीस. पण त्या महिन्यात रांगोळीऐवजी घरटी दोन किलो डाळ आणि लिटरभर तेल आलं असतं तर मुकादमाचे पाच हजार पुढं ढकलले गेले असते असं मला खरंच वाटतं. असं काही आपण आधी केलेलंच नाही असं पण नाही, खावटी होती, म्हणजे भुकेच्या दिवसांत आदिवासी घरांना खाण्यासाठी मिळणारं सरकारी कर्ज. २०२० ला कर्ज बंद करून खावटी अनुदान केलं, कुटुंबाला ४ हजार, निम्मे खात्यात आणि निम्म्याचं सामान. त्यात सामान उशिरा आलं, कुठं कसं आलं यावर खूप बोलून झालंय. पण कल्पना बरोबर होती, फक्त ती करोनाची मदत म्हणून आली आणि गेली. ती दरवर्षी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात यायला पाहिजे. ऑक्टोबरात आली तर तिचा उपयोग शून्य.

बरं रेशन आहे ना, असं म्हणाल. आहे, आणि रेशन नसतं तर काय झालं असतं याची कल्पना करवत नाही. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं माणशी ५ किलो, अंत्योदय असेल तर कार्डावर ३५ किलो, आणि आता ते फुकट आहे. पण त्यात काय मिळतं? तांदूळ आणि गहू. डाळ नाही, तेल नाही. दिवाळीला आनंदाचा शिधा आला होता २०२२ ला, शंभर रुपयात रवा, साखर, चणाडाळ आणि पामतेल, लोकं खूश झाली, मग कधी आला कधी नाही. पोट भरणं वेगळं आणि अंगाला लागणं वेगळं. दीड वर्षाच्या पोराला नुसता भात मीठ घालून दिला तर त्याचं पोट दोन घासात भरतं आणि तासाभरात ते परत रडतं, त्याचं पोटच केवढंसं. त्याला घट्ट खाणं लागतं, त्यात तेलाची धार लागते, डाळ लागते, आणि दिवसातून तीन-चार वेळा लागतं. हे मी डॉक्टरकडून नाही, आमच्या आशाताईकडून शिकलो, ती हे अगदी तोंडपाठ सांगते आणि शेवटी म्हणते, पण तेल आणायचं कुठनं.

गव्हाचं तर विचारूच नका. आम्ही गहू खाणारी माणसं नाही. नागलीची भाकर, तांदळाची भाकर, भात, पेज, आंबील. गहू मिळाला की बरीच घरं तो विकून मीठ-मिरची-बोंबील आणतात, आणि मग कुणीतरी येऊन म्हणतो बघा रेशन विकतात. अहो, त्याच्याऐवजी नागली द्या ना, एक दाणा विकला जाणार नाही. कर्नाटकात रेशनवर नाचणी देतात. ओडिशानं २०१७ ला मिलेट मिशन काढलं, आदिवासी शेतकऱ्यांची नाचणी सरकार घेतं आणि तिकडच्या काही जिल्ह्यांत अंगणवाडीतल्या पोरांना त्याचेच लाडू देतात. आमच्याकडं २०२३ ला आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झालं तेव्हा मॉलमध्ये नाचणीचे चिप्स आले एवढं मला आठवतंय. १०० ग्रॅम नागलीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, तांदळात दहाच्या आसपास. बाळंतिणीला नागलीची आंबील द्यायची हे आमच्या आज्यांना कुणी शिकवावं लागलं नाही. नागलीचा हमीभाव २०२५-२६ ला क्विंटलला ४,८८६ रुपये, साध्या भाताचा २,३६९, म्हणजे दुपटीच्या वर. आता सांगा, एवढा भाव जाहीर झाल्यावर उतारावरची नागली कमी का होत चाललीय? कारण भाव जाहीर झाला तरी दाराशी घ्यायला येणारा व्यापारीच आहे, त्याच्या भावानं, त्याच्या तराजूनं. वनपट्ट्यावर पिकवणाऱ्याला तर सातबाऱ्यापासून प्रश्न. आदिवासी विकास महामंडळाचं केंद्र भात घेतं तसं पाड्यांच्या जवळ, वेळेत, वनपट्ट्याच्या कागदावर नागली घ्यायला लागलं आणि तीच नागली तालुक्यातच दळून अंगणवाडीत आणि रेशनवर आली, तर ट्रकनं पंजाबचा गहू आमच्या डोंगरात चढवायची गरज काय?

पण मूळ मुद्दा भट्टीचा, त्यावर येतो.

भट्टीवरचा दिवस रात्री सुरू होतो. दोन-तीन वाजता उठून गारा म्हणजे विटेचा चिखल मळायचा, वीट पाडायला लागायचं, ऊन चढेपर्यंत. नवरा गारा देतो, बायको साचा मारते, किंवा उलट. पैसे हजार विटांमागं. त्यामुळं बाईनं अर्धा तास उठून पोराला पाजलं तर तेवढ्या विटा कमी. बाळ झोळीत, आणि झोळी हलवायला पाच-सहा वर्षांची बहीण. तीच त्याला सकाळी शिळा भात भरवते, म्हणजे दोन घास त्याला, दोन घास स्वतःला, उरलेलं कोंबडीला. या बहिणीला शाळेत घाला म्हणून हंगामी वसतिगृहं काढली, चांगलं आहे, पण ती गावाकडं वसतिगृहात राहिली तर धाकट्याला बघणार कोण, म्हणून आई तिला ठेवत नाही. कुपोषण म्हटलं की आपण धान्याचं बोलतो पण भट्टीवर निम्मं कुपोषण हे वेळेचं आहे. आईला वेळ नाही. धान्य असलं तरी भरवायला माणूस नाही.

पैसा? हातात हिशोब येतो सीझन संपल्यावर, मे महिन्यात, त्यातनं बयाणा वजा. मधल्या काळात दर आठवड्याला खर्ची मिळते, बाजाराच्या दिवशी. त्या खर्चीत आठवडा काढायचा. मी भट्टीवरच्या चुलीत काय असतं ते बघितलंय: भात, बटाटा, सुका जवळा किंवा बोंबील, तिखट, कधी मसूर. गावात निदान पावसाळ्यात शेवळी, टाकळा, करटोली, कुर्डू, ओढ्याचे खेकडे मिळतात, अंगणात कोंबडी असते, शेजारचा कुणी काकडी देतो. भट्टीवर मीठसुद्धा विकत. जळण विकत. मग रेशन तिथं घ्या म्हणाल, वन नेशन वन रेशन आहे की. आहे. महाराष्ट्र आणि गुजरातची जोडी तर २०१९ लाच पहिल्या टप्प्यात होती. कागदावर माझा भाऊ भिवंडी काय, वापीत पण रेशन घेऊ शकतो. प्रत्यक्षात काय होतं ऐका. भट्टीपासून दुकान चार किलोमीटर, दुकान सकाळी उघडतं तेव्हा हा विटा पाडतोय. दुपारी गेला तर मशीनला रेंज नाही. रेंज आली तर अंगठा उमटत नाही, महिनोन्महिने माती मळून बोटाच्या रेषाच गेलेल्या असतात. अंगठा उमटला तर दुकानदार म्हणतो माझा कोटा माझ्या कार्डांपुरता, बाहेरच्यांना पुढच्या महिन्यात बघू. हे सगळं पार केलं तर कळतं की कार्डावर धाकट्या दोन पोरांची नावंच चढलेली नाहीत आणि थोरल्या भावाचं केवायसी राहिलंय. एक दिवसाची मजुरी गेली, हातात पिशवी रिकामी, परत कोण जाणार?

आणि अंगणवाडी. नियम तर इतका चांगला आहे की वाचून बरं वाटतं: वर्षात ३०० दिवस खाणं, आणि २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात लिहिलं होतं की साध्या बालकाला रोज ५०० कॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं, तीव्र कुपोषित असेल तर ८०० कॅलरी, गरोदर आणि स्तनदा आईला ६००. त्यासाठी २०१७ ला दर ठरले ८ रुपये, १२ रुपये, साडेनऊ रुपये. त्या दरात काय येतं हे ज्यानं ठरवलं त्यानं बाजारात जाऊन बघावं, पण ते सोडा. ३०० दिवसातले आमच्या पोराला मिळतात किती? जून ते ऑक्टोबर. बाकीचे दिवस त्याच्या नावापुढं रजिस्टरला "स्थलांतरित". आणि भट्टीजवळच्या गावातल्या अंगणवाडीत आई त्याला घेऊन गेली तर ताई म्हणते नोंद तुमच्या गावाला आहे, तिकडनं इकडं करून आणा. ताईचं पण बरोबर, तिला मोजून माल येतो, तिच्या गावच्या मुलांचा कमी करून हिला द्यायचा का? म्हणून हल्ली बरेच जण जातच नाहीत विचारायला.

यासाठी महाएमटीएस काढलं, स्थलांतराची नोंद ठेवायची प्रणाली, आणि सुरुवातीला जे मोजके जिल्हे घेतले त्यात पालघर होतं. मला खरंच आनंद झाला होता. पण नोंद होते म्हणजे काय होतं, तर "अमुक बाळ अमुक तालुक्यात गेलं" एवढं कळतं. बाळ कुठं गेलं हे आम्हाला आधीपासून माहीतच होतं हो! नोंदीच्या मागोमाग डबा जायला पाहिजे ना. आणि वर आता १ जुलै २०२५ पासून घरी न्यायचा आहार घ्यायला पोषण ट्रॅकर या सरकारी अॅपवर चेहरा जुळवावा लागतो. भ्रष्टाचार थांबावा म्हणून असेल, हरकत नाही, पण आधी काय व्हायचं, आजी पाकिटं घ्यायची आणि भट्टीवर जाणाऱ्या कुणाबरोबर तरी पाठवायची. आता आजीचा चेहरा चालत नाही आणि आईचा चेहरा भिवंडीत. चोर पकडायला लावलेल्या कुलपात घरचाच माणूस बाहेर राहिला.

(पाकिटांबद्दल पण एक बोलतो, रागावू नका. ती गोड पावडर पोरं खात नाहीत. कोंबड्या खातात, शेळ्या खातात. सुप्रीम कोर्टानं २००४ लाच सांगितलं होतं की अंगणवाडीच्या आहारात ठेकेदार नको, गावच्या मंडळांना, बचत गटांना द्या. २०१९ ला आपल्याच राज्यातली टेंडरं याच कारणावरून रद्द झाली. तरी पाड्यावर पाकिटच येतं. आमच्या बचत गटातल्या बाया नागली भाजून, दळून, त्यात उडीद-शेंगदाणे घालून जे पीठ करतात ते एकदा मंत्रालयात चहाबरोबर ठेवा आणि हे पाकीट शेजारी ठेवा, बघू कोण कशाला हात लावतं.)

अमृत आहार योजनेबद्दल मात्र मी चांगलंच बोलणार. २०१५ ला चालू झाली, डॉ. कलामांच्या नावानं, गरोदर बाईला आणि बाळंतिणीला रोज एक वेळचं पूर्ण गरम जेवण, भाकरी-भात-डाळ-भाजी-अंडं, आणि मग पोरांना आठवड्यातनं चार दिवस अंडी नाहीतर केळी. माझ्या बहिणीनं ते जेवण खाल्लंय, बायका एकत्र बसून जेवतात, घरी नेलं तर सगळ्यात वाटलं जातं म्हणून तिथंच जेवायचं, ज्यानं कुणी हे सुचवलं त्याला आमची घरं माहीत होती. पण ही योजना आदिवासी क्षेत्राची. भिवंडी तालुक्याची काही गावं त्यात येतात, बाकीची नाहीत. म्हणजे मोखाड्याची बाई आठव्या महिन्यात गावात असेल तर तिला अंडं, आणि ती पोटासाठी बाहेर पडून विटा पाडत असेल, म्हणजे जेव्हा तिला जास्त गरज आहे, तेव्हा नाही. क्षेत्र आदिवासी का बाई आदिवासी? हा प्रश्न मी एकदा एका मीटिंगमध्ये विचारला तर सगळे हसले आणि पुढचा विषय घेतला.

मग काय होतं, मे अखेरीला, पहिल्या पावसाच्या आधी टेम्पो भरून माणसं परत येतात. जूनला सेविका दंडाला पट्टी लावते, साडेअकरा सेंटिमीटरच्या आत लाल, साडेअकरा ते साडेबारा पिवळं. दिवाळीला हिरव्यात असलेलं पोर लालमध्ये आलेलं असतं. मग गावात व्हीसीडीसी, म्हणजे कुपोषित पोरांसाठीचं ग्राम बालविकास केंद्र काढा, त्याला दिवसातनं अनेकदा खायला घाला, वजन वाढतं, सगळे टाळ्या वाजवतात, ऑक्टोबरात ते बरं दिसायला लागतं आणि नोव्हेंबरात परत टेम्पो. अर्धं वर्ष भरायचं आणि अर्धं वर्ष सांडायचं. वरती आकडे का हलत नाहीत म्हणून अभ्यासगट नेमतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली उंचीच्या मानानं वजन कमी असलेली पोरं २०१५-१६ ला २५.६ टक्के होती, २०१९-२१ ला पण २५.६ टक्के. पॉइंटसुद्धा हलला नाही! उंचीच खुंटलेली ३४.४ वरून ३५.२ वर गेली. मध्ये किती योजना, किती अॅप, किती सप्ताह झाले. मी असं म्हणत नाही की सगळं भट्टीमुळं झालं, राज्य मोठं आहे, ऊसतोडीचे आहेत, मेळघाट आहे, नंदुरबार आहे. पण आमच्या तीन तालुक्यांपुरतं तरी सांडणारं भोक कुठं आहे हे दिसतंय.

१९९२ ला वावर-वांगणी झालं, कुपोषणानं पोरं दगावली, तेव्हा माझा जन्म पण नव्हता. जव्हार तालुक्यातलं ते नाव आजही घेतलं की म्हातारी माणसं गप्प होतात. त्यानंतर मुख्यमंत्री आले, कार्यालयं आली, रस्ते आले, दवाखाने आले, २००५ ला कुपोषणासाठी राजमाता जिजाऊ मिशन आलं. काहीच झालं नाही असं म्हणणारा मी नाही, खूप झालं, आज तशी साथ आली तर निदान गाडी पोचते. पण जे झालं ते सगळं गावात झालं. माणूस सहा महिने गावात नसतो हे १९९२ लाही माहीत होतं.

आता मागणी. भट्टीपट्ट्यात इमारत नको, टेंडर नको. दहा-बारा भट्ट्या मिळून एक पत्र्याची शेड किंवा मंडप, नोव्हेंबर ते मे. सावली, पाणी, चूल. भट्टीवरच्याच दोन बायांना मानधन द्या, ज्या विटा पाडण्याऐवजी सहा महिन्यांच्या पुढची लहान पोरं दिवसभर सांभाळतील आणि त्यांना तीनदा गरम खायला घालतील. आमच्यातलीच बाई असली की पोर रडत नाही आणि ती त्याच्याशी त्याच्या भाषेत बोलते. छत्तीसगडमध्ये फुलवारी म्हणून असंच केलंय, सरगुजाकडं, आयाच पाळीपाळीनं पोरं सांभाळतात, आदिवासी गावातच. तिकडं जमलं तर मुंबईपासून तासाभराच्या अंतरावर जमायला काय झालं? गरोदर आणि बाळंतीण बाईला तिथंच अमृत आहाराचं ताट, क्षेत्र बघायचं नाही, नाव बघायचं. त्या पोराच्या नावचे रोजचे पैसे सरकारनं आधीच धरलेले आहेत, फक्त ते जव्हारवरून भिवंडीला न्यायची सोय नाही. ती सोय करणं हे तुमच्या सहीचं काम आहे, आमचं नाही. रेशनचं पण तसंच, महिन्यातनं एक दिवस, बाजाराच्या दिवशी संध्याकाळी, त्या शेडवर मशीन घेऊन दुकानदाराला बसवा, अंगठा नाही उमटला तर रजिस्टरवर सही घेऊन धान्य द्या, आणि बाहेरच्या कार्डांचा कोटा आधीच वाढवून पाठवा कारण किती माणसं येणार हे दरवर्षी जवळपास तेच असतं.

यावर मला उत्तर मिळतं की भट्ट्या कुठं लागतात ते कळत नाही, जागा बदलतात, मालक आत घेत नाहीत. साहेब, माती उचलायची परवानगी तहसीलमधून मिळते, स्वामित्वधन तहसीलमध्ये भरतात. विटेची माती किती ब्रास उचलली हे तुम्हाला माहीत आहे आणि त्या मातीवर किती पोरं आहेत हे माहीत नाही? परवानगीच्या कागदावर एक ओळ वाढवा, की मालकानं कामगारांची आणि सहा वर्षांखालच्या मुलांची यादी द्यायची आणि शेडला जागा आणि पाणी द्यायचं, नाही दिलं तर पुढच्या वर्षी परवानगी नाही. मालक जागा देतील, बघा तुम्ही. पोर सांभाळलं गेलं तर आई विटा जास्त पाडते हा हिशोब त्यांना आपल्यापेक्षा लवकर कळतो.

आणि ज्यांना जायचंच नाही त्यांच्यासाठी रोहयो. रोजगार हमीचा कायदा सगळ्यात आधी महाराष्ट्रानं केला १९७७ ला, अभिमानानं सांगतो आपण. पण काम मागितल्यावर काम सुरू व्हायला वेळ, मजुरी खात्यात यायला वेळ, आणि मुकादम आगाऊ पैसे देतो. भुकेलेला माणूस आगाऊवाल्याकडंच जाणार. नोव्हेंबरातली कामं सप्टेंबरात मंजूर करून ठेवा आणि हफ्त्याला पैसे द्या, मग बघू किती टेम्पो भरतात. शंभर टक्के थांबतील असं मी म्हणत नाही, तरण्या पोरांना बाहेर जायचंच असतं, मी पण गेलोच ना. पण पोटातल्या आणि पोटाशी असलेल्या बाळाला घेऊन जावं लागणं वेगळं.

माझ्याबरोबर चार-पाच पोरं आहेत, सगळी गोडाऊनला कामाला, सगळी आमच्याच भागातली. पडघा ते अंबाडी पट्ट्यातल्या भट्ट्यांची यादी, कुठल्या भट्टीवर कुठल्या गावची किती घरं, किती लहान पोरं, किती गरोदर बाया, हे आम्ही मागच्या सीझनला वहीत लिहून काढलंय. यात कुणाचं नाव इंटरनेटवर टाकणार नाही, पण तुम्ही मागितली तर वही घेऊन येतो. फक्त दोन्ही जिल्ह्यांचे साहेब एका टेबलावर पाहिजेत, दसऱ्याच्या आत. दिवाळीनंतरची तारीख दिली तर आमची रात्रपाळी असते आणि माणसं आधीच निघालेली असतात.

उत्तर देणार असाल तर ईमेल नको. जव्हार, मोखाडा आणि विक्रमगडच्या सगळ्या ग्रामपंचायतींच्या बोर्डावर लावा आणि भिवंडी तहसीलच्या बाहेर एक प्रत लावा, बाजाराच्या दिवशी माणसं तिथूनच जातात. मराठीत, मोठ्या अक्षरात.

आपला,
जव्हार तालुक्यातला एक गोडाऊन कामगार
(मुक्काम सध्या पडघा)